बंदुकीचं कुंकू

आमच्या घरातल्या बंदुकीनं आजवर एक ससाही मारलेला नाही. रानडुकरं संत्र्याच्या बागेत शिरली की मामाजी बागेच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहायचे, आभाळाकडे नळी करून एक बार काढायचे आणि डुकरं कपाशीच्या पऱ्हाटीतून पळत सुटायची. एवढंच तिचं काम. पण त्याच बंदुकीपायी आमच्या घरात वर्षभर लढाई चालली आणि ती लढाई मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते. मला धीर धरवत नाही, आणि जिंकल्याची गोष्ट सांगताना उगाच गरीब तोंड करणं मला जमत नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. माहेर माझं मध्य प्रदेशातल्या सौसरचं, सासर मोहगावच्या अलीकडे, शेतातल्या घरात. मामाजी, आमचे हे आणि मी तिथं राहतो. भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, पांढुर्ण्याला असतात. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. विळे, कोयते, फावडी, तार, खिळे, सगळं लोखंडाचंच. रीतीप्रमाणे भासरे लहान भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. आता ही रीत कोणी पाळत नाही, पण आमच्या भासऱ्यांना ती सोयीची वाटते. त्यांना मला काही लावून बोलायचं असलं की ते भिंतीकडे पाहून बोलतात, आणि भिंत बिचारी ऐकून घेते.

आत्याबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा विषय पुढे येईलच.

दसऱ्याला सगळे आमच्याकडे जमतात. पाटावर नांगराचा फाळ, विळे, कोयते, भासऱ्यांच्या दुकानातला जुना तराजू, माझी शिलाई मशीन, आणि सगळ्यांच्या मधोमध मामाजींची दुनाळी. ती ते स्वतः आणतात. चामड्याचं कव्हर, त्यावर पितळेची बकलं. कव्हर उघडून बंदूक बाहेर काढायची, बिजागरीवर मोडून नळ्या रिकाम्या आहेत हे सगळ्यांना दाखवायचं, मग पाटावर ठेवायची. तेवढ्या वेळात घरात कोणी बोलत नाही. लायसन त्यांच्या तरुणपणी मिळालं होतं. गावात दुसरी बंदूक नव्हती तेव्हापासून लोक सोनं द्यायला येतात ते आधी तिला हात जोडतात आणि मग मामाजींना.

त्या दसऱ्याला त्यांनी कव्हर उघडलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. नळ्यांच्या पाठीवर गंज होता. लालसर, खरखरीत, डागांचा. आदल्या वर्षीही थोडं तांबूस दिसलं होतं, पण मामाजी म्हणाले होते की जुनं कुंकू आहे, आणि आम्ही ऐकलं होतं. या वेळी कुंकू म्हणायची सोय नव्हती. बोट फिरवलं की बोट लाल होत होतं.

सोनं द्यायला आलेले मामाजींच्या वयाचे एक गृहस्थ दारात उभे होते. ते हसत म्हणाले, "भाऊ, तुह्या बंदुकीचंही वय झालं म्हणा." वाईट मनानं नाही म्हणाले. पण मामाजींनी ती परत कव्हरात घातली, बकलं लावली आणि आत जाऊन पलंगावर बसले. त्या दिवशी त्यांनी कोणालाच सोनं दिलं नाही. लोक येत होते, आपट्याची पानं त्यांच्या पायाशी ठेवत होते आणि ते नुसती मान हलवत होते. मला फार वाईट वाटलं. 

आणि वर भासरे. बंदूक माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असायची, कारण कुलपाचं कपाट घरात तेवढं एकच. भासरे भिंतीकडे पाहून म्हणाले, "बायकांच्या खोलीत हत्यार ठेवलं तर दुसरं काय होईन? पावडर, अत्तर, ओले केस, ओले टॉवेल. तिथं तर माणूसही गंजते."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. पण सणाचा दिवस होता आणि समोर मामाजी होते. मी भिंतीकडेच पाहून म्हटलं, "भिंतीले म्हणा, ज्याच्या दुकानातले विळे पावसाळ्यात लाल होऊन पडतात त्यानं दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नये."

आमचे हे खाली पाहून हसले. भासरे नाही हसले. ते मामाजींकडे वळले, "बाबा, आता तुमच्यानं बागेत जाणं होत नाही. डुकरासाठी तारेचं कुंपण झालं. कायले ठेवून राहिले? ठाण्यात जमा करून टाका. कटकट मिटन."

मामाजींनी पायाशी पडलेली आपट्याची पानं गोळा केली. मग म्हणाले, "यंदा नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत पाहू. पुढच्या दसऱ्याले अशीच निघाली तर मी माह्या हातानं नेऊन देतो, अन् मांगं वळून पाहणार नाही." त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुह्या खोलीतच हाये नं. तूच सांभाळ. मले आता दसऱ्यापर्यंत दाखवू नको."

किल्ली मी घेतली. त्यांनी ती विश्वासानं दिली की रागानं, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते नेऊन देतील आणि मागं वळून पाहणार नाहीत, आणि त्यानंतर ते पूर्वीसारखे राहणार नाहीत, हे मला दिसत होतं. बागेचं काम सुटलं, आत्याबाई गेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्यांच्याजवळ त्यांची म्हणावी अशी ती एकच वस्तू उरली होती.

दुसऱ्या दिवशी मामाजी गावात गेले तेव्हा आम्ही दोघांनी बंदूक अंगणात उन्हात आणली. यांनी भावाच्या दुकानातून आणलेला रेजमाल, म्हणजे लोखंड घासायचा खरखरीत कागद, खिशातून काढला. मी ओरडलेच, "तो कागद आत ठेवा. दरवाजा घासून राहिले का?" बंदुकीच्या लोखंडाला एक काळसर निळी झाक असते. तीच तिची चामडी. रेजमालानं गंज जातो आणि ती झाकही जाते, मग उघडं पडलेलं लोखंड दुप्पट गंजतं. हे मला शिलाई मशीनवरून माहीत होतं. एकदा मी तिच्या दांडीवरचा डाग असाच घासून काढला होता, पुढच्या पावसाळ्यात पूर्ण दांडी लाल झाली.

घासण्याआधी मी ती नीट पाहिली. उन्हात धरून, वरून खालून, नळ्यांच्या आतून. आणि पाहता पाहता मला काहीतरी खटकलं. आतून नळ्या आरशासारख्या. खालची बाजू स्वच्छ. घोडे, चाप, सगळं ठीक. गंज फक्त वर, आणि तोही पसरलेला नाही. पाच डाग. चार ओळीनं, एक बाजूला. कपाटातल्या ओलीनं गंज आला असता तर तो असा मोजून मापून कशाला येईल? मी माझी बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. माझी बोटं पुरेनात. तो पंजा माझ्यापेक्षा मोठा होता.

मी यांचा हात ओढून त्यावर ठेवला. तरी थोडा कमीच पडला. आमच्या घरात एवढा मोठा पंजा एकाच माणसाचा आहे.

 पूजेला मामाजी तांब्यातल्या पाण्यात हळदकुंकू कालवतात, चांगलं ओलंचिंब, आणि पाची बोटं बुडवून नळीवर उमटवतात. वर फुलानं पाणी शिंपडतात. मग झेंडूचं फूल, आपट्याचं पान, आणि तसंच सगळं कव्हरात. कुंकू पुसायचं नसतं. सवाष्णीचं पुसत नाहीत, देवाचं पुसत नाहीत, मग बंदुकीचं कोण पुसेल? ते ओलं कुंकू वर्षभर त्या चामड्यात कोंडून लोखंड खात बसलेलं होतं. विळीवर हळदीचं बोट राहिलं तर सकाळपर्यंत पातं तांबडं होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. मी रोज विळी पुसून ठेवते आणि बंदुकीचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही, कारण ती पूजा होती.

"मंग सांगून दे बाबाले," हे म्हणाले.

"काय सांगू? तुमच्या भक्तीनं गंजली म्हणून?"

 मामाजींना हे सांगणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पलंगावर बसवणं होतं.

आणि एक गोष्ट मला सुटत नव्हती. पूजा तर माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. मग गंज याच दोन-तीन वर्षांत कसा आला? मी गॅसवर चहा ठेवला आणि विचार करत उभी राहिले. चहा उतू गेला, पण मला उत्तर मिळालं. आत्याबाई असताना टिळा त्या लावायच्या. मामाजी बंदूक पाटावर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे.

त्यांचा पितळेचा करंडा अजून देवघरात होता. त्याला दोन खण. एकात कुंकू, एकात मेण. जुन्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट लावायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू, म्हणजे घामानं ओघळत नाही. आत्याबाई बंदुकीलाही तसंच लावायच्या. माझ्या पहिल्या दसऱ्याला मी हसले होते, तर म्हणाल्या होत्या, "हासतं कायले वं? ओलं कुंकू वघळते, मेणावरचं बसते. तिलेही नीट दिसावं वाटत असन नं." त्यांना गंजाबिंजाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त कुंकू ओघळलेलं चालत नव्हतं. पण त्या मेणानं इतकी वर्षं लोखंडापर्यंत पाणी पोचू दिलं नव्हतं. त्या गेल्या आणि मामाजींनी आपल्या पद्धतीनं सुरू केलं. पुरुषाचा हात, करंड्यात मेण कशाला असतं हे त्यांना कोण सांगणार?

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच हसले. आणि थोडी रडलेही. सासूबाईंशी माझं फार पटत होतं असं नाही, पण त्या दिवशी त्या असत्या तर मी त्यांना उचलून गोल फिरवलं असतं.

मग कामाला लागले. आधी बंदुकीला हात जोडले, मग कुंकू पुसलं. हे दाराकडे पाहत राहिले, कोणी येतं की काय म्हणून. भांडी घासायच्या तारेची अगदी मऊ घासणी घेतली, तिला मशीनचं तेल लावलं आणि हळूहळू, दाब न देता, डाग उचलत गेले. मामाजींच्या जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसत गेले. चिंध्या आधी विटकरी निघाल्या, मग फिक्या, मग पांढऱ्या. गंज गेला, पण त्यानं खाल्लेल्या जागी पाच बारीक खड्डे राहिले. नखानं कळतील एवढेच. ते काही जाण्यासारखे नव्हते.

नागपूरहून बंदुकीचं खरं तेल मागवलं. भासऱ्यांचा फोन आला यांना, "खोबऱ्याचं तेल लाव म्हणा, उगाच नागपूरचे लाड नको." मी फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हटलं, "खोबऱ्याचं तेल डोक्याले लावते. थंडीत गोठते अन् मग धूळ धरून बसते." फोन कट झाला.

चामड्याचं कव्हर मी बाहेर काढलं. ते दिसायला राजासारखं, पण चामडं हवेतली ओल पितं आणि धरून ठेवतं. आतून त्याला बुरशीचा वास येत होता. ते खुंटीला टांगलं. बंदुकीला सुती कापडाचा सैल झगा शिवला. कपाट पावसाळी भिंतीपासून हलवून मधल्या भिंतीला आणलं. नव्या चपलांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या सगळ्या नातेवाइकांकडून गोळा करून आत ठेवल्या. बंदूक नळी खाली करून उभी केली, कारण नळी वर असली तर तेल ओघळून लाकडात उतरतं आणि दस्ता नरम पडतो. काडतुसं दुसरीकडे, वेगळ्या कुलपात. दर अमावास्येला बाहेर काढायची, पाहायची, तेलाचा हलका हात फिरवायचा आणि परत. उघड्या बोटानं लोखंडाला शिवायचं नाही, घामात मीठ असतं. यांना सवय, जाता जाता थोपटायची. दोनदा हातावर फटका खाल्ला तेव्हा सुधारले.

राहिला टिळा. नळी पुसून मी तिला उघडं कपाळ घेऊन वर्षभर कपाटात ठेवणार होते का? मला ते बरं वाटेना. मामाजींना ते कळलं असतं तर त्यांनाही नसतं वाटलं. दिवाळीच्या पाडव्याला मी करंडा घेतला, त्या पाच खड्ड्यांवर मेणाची पाच बोटं लावली आणि वर कोरडं कुंकू दाबलं, थेट आत्याबाईंसारखं. लावून झालं आणि मग मला धास्ती वाटली. कारण माझा सगळा हिशेब एका अंदाजावर होता. मेणानं लोखंड वाचतं हे मी कुठं पाहिलं होतं? मेणाखाली ओल कोंडली आणि पुन्हा गंज आला, तर या वेळी तो मामाजींच्या हाताचा नसता, माझ्या हाताचा असता. भासऱ्यांची भिंत खरी ठरली असती, आणि मामाजी बंदूक घेऊन ठाण्यात गेले असते. आणि मेण उचलून पाहावं तर ते फुटणार. म्हणजे दसऱ्यापर्यंत पाहताही येणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की लायसनच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकाल लागेपर्यंत. मी तर कपाळावर हात मारला. एवढं सांभाळलं आणि आता दोन महिने परक्या खोलीत, बाकीच्या बंदुकांच्या ढिगात. मी नळ्यांना आतून बाहेरून घट्ट तेल दिलं, तेलात भिजवलेल्या कापडानं गुंडाळलं, त्यावर कोरडं कापड, त्यावर झगा. मामाजींना सही करायला जावंच लागलं, पण गाडीत ते माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत बसले. दसऱ्यापर्यंत दाखवू नको म्हणाले होते ना.

ठाण्यातला मुंशी गाठोडं पाहून हसायला लागला. "बहनजी, ये क्या, जच्चा को ले आईं?" जच्चा म्हणजे बाळंतीण.

मी म्हटलं, "हां भैया, जच्चा ही समझो. हवा मत लगने देना. और खोलके देखना हो तो अभी मेरे सामने देख लो, बाद में हाथ मत लगाना."

त्यानं खोलून नंबर पाहिला. मी परत गुंडाळली, पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि ती त्यानं भिंतीपासून दूर ठेवेपर्यंत मी हलले नाही. मामाजी बाकावर बसून होते. परत येताना म्हणाले, "तू त्याले लय तरास देल्ला." पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हललं.

निकाल लागला, बंदूक परत आली. ज्यांनी नुसत्या चादरीत टाकल्या होत्या ते ठाण्याच्या आवारातच घासत बसले होते. मी आमची घरी येऊन उघडली. जशी गेली तशीच. फक्त टिळ्याखालचं मला माहीत नव्हतं.

पावसाळा मग अंगावर आला. भिंतींना ओल, पापडांना बुरशी, काडीपेटी पेटेना. मी तेलाचा हात अमावास्येपर्यंत न थांबता पंधरवड्यावर आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात सावरगावच्या काठाला गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, असते, बाजार बंद असतो, म्हणून भासरे आमच्याकडे आले. त्यांना खुंटीला टांगलेलं रिकामं कव्हर दिसलं. झालं. ते सरळ मामाजींकडे. "बाबा, तुमचं कव्हर खुंटीले अन् बंदूक चिंधीत. मी सांगून राहिलो, हे पाहा, दसऱ्याले मी गाडी घेऊनच येतो. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊ."

मामाजींनी मला बोलावलं. "कव्हर काहून काढलं?"

मी म्हटलं, "मामाजी, दसऱ्याले सांगते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कव्हराकडे. "बरं," म्हणाले. एवढंच. त्या बरं-मध्ये भरवसा होता की हार होती हे कळेना, आणि मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दसरा आला. भासरे खरंच गाडी घेऊन आले, धुऊन पुसून. मामाजींनी पांढरं धोतर नेसलं. पाट मांडला, फाळ, विळे, तराजू, मशीन. मधली जागा रिकामी. मामाजी म्हणाले, "आण."

मी झग्यासकट आणली आणि त्यांच्या हातात दिली.  त्यांनी झगा काढला, नळ्या मोडल्या आणि उजेडाकडे धरल्या. मग बंद केल्या आणि वरून पाहिलं. काळी निळी, तेलाची झाक असलेली, आणि तिच्या कपाळावर लाल टिळा.  गेल्या वर्षीचे ते गृहस्थ यंदाही आले होते. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "अरे वा."

मी श्वास सोडतेय तोच भासरे भिंतीला म्हणाले, "वरून तर गाडीही चमकते. कुंकवाखाली काय हाये ते पाहावं."

नेमकं तिथंच बोट. लोखंडातलं कळतं त्यांना, एवढं मान्य करावं लागेल.

"कुंकू पुसत नसते," मामाजी म्हणाले.

म्हणजे मी वाचले होते. तिथंच थांबले असते तर बंदूक घरी राहिली असती आणि टिळ्याखाली काय आहे हे कोणालाच कळलं नसतं. पण मग मामाजींनी पुन्हा तांब्यात कुंकू कालवलं असतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच डाग. आणि मलाही राहवत नव्हतं. वर्षभर धरलेला जीव होता तो.

"पुसू द्या मामाजी," मी म्हटलं. "मी आत्याबाईसारखं लावलं आहे. त्या रागावणार नाहीत."

मी कापड घेतलं, त्यावर थोडं तेल टाकलं आणि एका दमात पुसलं. मेण सोलल्यासारखं निघून आलं. खाली लोखंड होतं. निळं, गुळगुळीत, गंजाचा कण नाही. फक्त ते पाच जुने खड्डे.

मामाजींना मोतीबिंदूमुळे खड्डे दिसले नसते, पण त्यांनी हात फिरवला. बोटं थांबली. मग त्यांनी पाची बोटं त्या पाच जागी ठेवली आणि ती बरोबर बसली.  त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला आणि मला भीती वाटली.

"म्हणजे हे माह्याच हातानं..."

"हातानं नाही," मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "पाण्यानं. हाताले काहून दोष देता? आत्याबाई आधी मेण लावत होत्या, एवढंच सुटलं होतं."

मी देवघरातून करंडा आणला आणि उघडून त्यांच्यापुढे धरला. मेणात आत्याबाईंच्या बोटाची जागा झिजून खोल झाली होती. मामाजींनी ती पाहिली. "हे मले कधी दिसलंच नाही," म्हणाले. "मी तिकडं बाजूले उभा राहो." मग त्यांनी मेणाचं बोट घेतलं, त्या पाच जागांवर एकेक करून लावलं आणि वर कोरडं कुंकू दाबलं. तांब्याला त्यांनी हातही लावला नाही. फूल बंदुकीवर न ठेवता पाटावर ठेवलं. हे मी सांगितलं नव्हतं.

पूजा झाल्यावर सोनं द्यायची वेळ आली. गेल्या वर्षी त्या हातानं कोणालाच सोनं मिळालं नव्हतं. यंदा त्यांनी पहिलं पान उचललं आणि घरातल्या पुरुषांना सोडून माझ्यापुढे धरलं. "घे सोनं," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला.

भासरे तिथंच उभे होते. खाकरले. आणि लग्नानंतर पहिल्यांदा, भिंतीला मध्ये न घेता, माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, ते मेण... दुकानातल्या विळ्याइले चालन का? पावसाळ्यात लय लाल होऊन राहिले."

मला वर्षभरात सुचलेली सगळी उत्तरं जिभेवर आली होती. पण जिंकलेल्यानं मन मोठं करावं म्हणतात. मी म्हटलं, "दादाजी, विळ्यांना तेलाचा हात पुरे. मेण सवाष्णीचं असतं." सगळे हसले, भासरेही हसले.

मामाजी पलंगावर बसले, बंदूक मांडीवर. "तू गाडी आणलीच हायेस," ते भासऱ्यांना म्हणाले, "तर वापस नेऊ नको. पांढुर्ण्याले आता कलेक्टर ऑफिस झालं. सुट्टी संपली की जाऊ. मले सत्तरी ओलांडून लय वर्सं झाली, लायसन दुसऱ्याच्या नावानं करता येते म्हणतात."

"माह्या नावानं?" भासऱ्यांनी विचारलं.

"हिच्या," मामाजी म्हणाले आणि बंदूक दोन्ही हातांनी माझ्याकडे धरली. "लोखंड सांभाळता येते हिले. माणसंही सांभाळन."

 माझे डोळे भरून आले आणि थांबेनात. मी हात पुढे केले आणि मागे घेतले, पदरानं डोळे नीट कोरडे केले, मग हातही पुसले. डोळ्याच्या पाण्यातही मीठ असतं. मग मी बंदूक घेतली.